नाकारलेल्या गाडीचा विमा

सन २०२४ च्या श्रावणांतील एका सकाळची गोष्ट. सौभाग्यवतींना डोळ्यांच्या दवाखान्यांत पोंचवून आम्ही एकटेच परत येत होतों. आमच्या पेठेंतील अरुंद गल्लींत वळण घेतांना गाडीच्या डाव्या आरशाचा धक्का एका फुलवालीच्या पाटीला लागला. पाटी गेली एकीकडे आणि बाई पडली दुसरीकडे. ही बाई आमच्या परिचयाची. गेलीं दहा-बारा वर्षें आमच्या देवघरांतील फुलें तिच्याकडूनच येतात. तिचें मनगट सुजलें होतें. तिला गाडींत घालून आम्हीं डॉक्टरांकडे नेलें, क्ष-किरणांचें चित्र काढविलें, हाड शाबूत आहे असें ऐकून देवाचे आभार मानिले, आणि औषधाचे व सांडलेल्या फुलांचे पैसे दिले. “जाऊं द्या हो गुरुजी, पाटीच आडवी आली,” असें म्हणून ती उलट आमचेंच सांत्वन करीत निघून गेली.

रात्रीं जेवणें झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हाड मोडलें असतें, तर तिचें सगळें विम्यांतून झालें असतें ना?”

“म्हणजे काय! त्याचसाठीं तर दर वर्षीं पैसे भरतों,” असें मोठ्या ऐटींत सांगून आम्हीं पंचांगाशेजारचा पत्र्याचा डबा काढला आणि विम्याचा कागद दिव्याखालीं धरला. विम्याची मुदत २० जून रोजीं संपली होती. तो दिवस १४ ऑगस्टचा. पंचावन्न दिवस आम्ही भर शहरांत बिनविम्याची गाडी फिरवीत होतों, आणि पंचावन्नाव्या दिवशीं एका हातावर पोट असलेल्या बाईला पाडून आलों होतों.

हें कसें झालें तें सांगण्यास लाज वाटते, पण सांगितलें पाहिजे. कारण आमच्या वयाच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं तें घडण्यासारखें आहे. आमचा विमा पंधरा वर्षें एका वृद्ध विमा-प्रतिनिधींच्या हातीं होता. ज्येष्ठ लागला कीं ते आपले दारांत उभे; चहा घ्यावयाचे, सही घ्यावयाचे, आणि आठ दिवसांनीं कागद आणून द्यावयाचे. त्यांनीं धंदा सोडला आणि मुलाकडे परगांवीं जाऊन राहिले. कंपनीचीं स्मरणपत्रें बंगळुरास असलेल्या आमच्या चिरंजीवांच्या एका जुन्या ई-पत्त्यावर जात राहिलीं, आणि तो पत्ता त्यानें केव्हांच सोडला होता. जन्मभर आम्हीं विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर खुणा केल्या. घरच्या एका तारखेवर मात्र खूण करावयाची राहिली.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ याप्रमाणें तृतीय पक्षाचा विमा उतरल्यावांचून कोणासही सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवितां येत नाहीं. कलम १९६ मध्यें त्यास शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळीं दोन हजार रुपये दंड, तीन महिनेपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हां सांपडल्यास दंड चार हजार. दंडाची आम्हांस फारशी भीति वाटली नाहीं. भीति वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या बाईचें डोकें दगडावर आपटलें असतें, तर भरपाईचा सर्व बोजा आमच्यावर आला असता, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मनुष्यापाशीं तो उचलण्यास आहे काय? बिनविम्याच्या गाडीनें अपघात झाल्यास भरपाईसाठीं ती गाडी लिलावांत विकतां यावी असे नियम करा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांना सांगितलें आहे. पण आमची पंधरा वर्षांची गाडी विकून एका मोडलेल्या पायाचेंही भागलें नसतें! तिचीं मुलें उघड्यावर पडलीं असतीं आणि आम्ही, एरवीं कोणाचें कांहीं न बुडविणारे, तिचे जन्माचे ऋणको झालों असतों.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद. सौभाग्यवतींच्या डोळ्याच्या पडद्याला दर महिन्यास इंजेक्शन द्यावें लागतें, आणि त्यानंतर तो दिवसभर त्यांना नीट दिसत नाहीं. त्यांना गाडी किती सोयीची हें आम्हीं सांगावयास नको. पण त्याच म्हणाल्या, “रिक्षानें जाऊं. कागद आल्याशिवाय मी गाडींत पाऊल ठेवणार नाहीं.”

आतां वाटलें, पैसे भरले कीं विमा मिळेल. पैसे घेण्यास कोण नाहीं म्हणतो? येथेंच आमची चूक होती.

आमच्या पूर्वीच्या कंपनीनें सांगितलें कीं गाडी पंधरा वर्षांवर गेलेली, मध्यें खंड पडलेला, आणि गेल्या दोन वर्षांत दोन दावे. सबब विमा देतां येत नाहीं. दावे खरेच होते. २०२२ च्या पावसाळ्यांत झाडाची फांदी पडून कांच फुटली, आणि २०२३ सालीं आमच्याच फाटकाला गाडी घांसली. (त्या फाटकाविषयीं सौभाग्यवती निराळें मत देतात.) दुसऱ्या कंपनीचा अर्ज चिरंजीवानें बंगळुराहून संगणकावर भरला, गाडीचा क्रमांक घालतांच पडद्यावर ‘आपल्या गाडीसाठीं योजना उपलब्ध नाहीं’ एवढें वाक्य उमटलें. यंत्राशीं वाद काय घालावयाचा? तिसऱ्या कंपनीच्या कचेरींत आम्ही स्वतः गेलों. खिडकीवरची मुलगी गोड बोलली. “काका, इतकी जुनी गाडी आम्ही घेत नाहीं. नवी घ्या ना! नव्या गाडीचा विमा पांच मिनिटांत होतो.” आम्हीं विचारलें, “बरें, गाडीचा नको. निदान दुसऱ्याला होणाऱ्या इजेपुरता तरी द्याल?” ती आंत जाऊन आली आणि म्हणाली, “तेवढाच आमच्याकडे करीत नाहींत, काका.”

बाहेर पायरीवर एक तरुण दलाल उभा होता. त्यानें आमचा चेहरा वाचला असावा. त्याचा तोडगा सोपा होता: अर्जांत दाव्यांच्या रकान्यांत ‘नाहीं’ लिहावयाचें, मुदत संपून नव्वद दिवस झालेले नाहींत तेव्हां दावा न केल्याबद्दलची सवलतही घ्यावयाची, आणि बाकीचें तो पाहून घेईल. ही सवलत पहिल्या निर्दोष वर्षानंतर वीस टक्के मिळते आणि वाढत वाढत पांच वर्षांनीं पन्नासांवर जाते. पण एक दावा केला कीं ती शून्यावर येते. अर्थात् आमची शून्यच होती. पन्नास टक्के म्हणजे थोडी रक्कम नव्हे, आणि तीन ठिकाणांहून हात हलवीत परत आलेल्या मनुष्याच्या मनांत कोणते विचार येतात हें आम्हीं त्या पायरीवर प्रत्यक्ष अनुभविलें. ‘विचार करून सांगतों’ असें म्हणून आम्ही घरीं आलों. तत्काळ नाहीं म्हणालों नाहीं, हेंही येथें लिहून ठेवतों.

आमचे एक जुने विद्यार्थी अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करण्याचें काम करतात. रविवारीं ते आले, तेव्हां त्यांच्यापुढें आम्हीं सर्व हकीगत मांडली. ते हंसून म्हणाले, “सर, तुम्हीं आम्हांला संधि सोडवून विग्रह करावयास शिकविलेंत, येथें तोच केला नाहींत. मोटारविमा हा एक शब्द दिसतो, पण त्यांत दोन निराळे करार आहेत.”

त्यांनीं सांगितलेलें आम्ही आमच्या भाषेंत सांगतों. पहिला करार आपल्या गाडीच्या नुकसानीचा. हा शुद्ध व्यवहार आहे. कंपनीला गाडी पसंत पडली तर ती घेईल, न पडली तर सोडील. २००७ पासून त्याचे दरही कंपन्यांना बहुतांशीं मोकळे झाले आहेत. दुसरा करार तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीनें ज्याला इजा होईल त्याचा. त्याचे दर सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणें एक हजार सी. सी. पर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, शिवाय कर. मृत्यु किंवा शारीरिक इजा झाल्यास कंपनीच्या देण्यास वरची मर्यादा नाहीं. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र साडेसात लाखांची आहे. ठरलेला लहान हप्ता आणि अमर्याद देणें, त्यांत दलालीही थोडी. तेव्हां कंपन्यांना हा व्यवहार गोड लागत नाहीं हें उघड आहे.

व्याकरण शिकविण्यांत जन्म गेला म्हणून असेल, पण ‘तृतीय पक्ष’ हा शब्द आमच्या डोक्यांत कित्येक दिवस घोळत होता. पहिला पक्ष आणि दुसरा पक्ष म्हणजे आम्ही आणि कंपनी. आम्ही दोघे कागदावर सह्या करतों. ज्याच्यासाठीं करतों तो तिसरा त्या वेळीं खोलींत नसतो, त्याचें नांवही कोणास ठाऊक नसतें. मराठी व्याकरणांत ‘तो’ हा तृतीय पुरुष. पण पाणिनीच्या परंपरेंत ‘तो’ याला प्रथमपुरुष म्हणतात; ‘तूं’ मध्यम, आणि ‘मी’ सर्वांत शेवटीं येतो. रूपें म्हणतांना ‘पठति’ आधीं, ‘पठामि’ मागाहून. हें आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें, पण त्या फुलवालीला पाडीपर्यंत त्याचा असा विचार कधीं केला नव्हता.

इंग्लंडनें हा विमा १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्यानें सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यांत त्याचें प्रकरण होतें, पण तें अंमलांत आलें १ जुलै १९४६ पासून. ज्या दिवशीं कायदा मालकाला म्हणतो ‘विमा घेतलाच पाहिजेस’, त्याच दिवशीं दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणी देईचना, तर त्यानें काय करावें? मालमोटारींच्या बाबतींत हा प्रश्न फार तीव्र झाला होता. त्यासाठीं २००७ पासून पांच वर्षें सर्व कंपन्यांची एक सामाईक थैली होती. ती मोडून १ एप्रिल २०१२ पासून केवळ नाकारलेल्या जोखमींची निराळी थैली झाली, आणि तीही २०१६ सालीं बंद झाली. आतां विमा कायद्याच्या कलम ३२-डी अन्वयें, जें २०१५ च्या दुरुस्तीनें आलें, प्रत्येक सामान्य विमा कंपनीला या विम्याचा आपला नेमून दिलेला वांटा उचलावा लागतो. आणि मागणाऱ्यास हा विमा नाकारूं नये असें विमा-नियामक प्राधिकरणानें कंपन्यांना वेळोवेळीं बजावलें आहे. म्हणजे गाडीला नको म्हणण्याचा अधिकार त्या गोड मुलीच्या कंपनीला होता. फुलवालीला नको म्हणण्याचा नव्हता.

“मग तुम्ही तिला तसें सांगा ना,” आम्ही म्हणालों.

“मी नाहीं, सर. तुम्ही लिहा. तुमचें पत्र आम्ही घाबरून वाचीत असूं, आठवतें ना?”

एक पेंच मात्र अजून बाकी होता. कागद चाळतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं गाडीच्या नोंदणीचीं पंधरा वर्षेंही जुलै महिन्यांतच संपलीं आहेत. नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें तर चालू विमा दाखवावा लागतो; आणि विम्याला गेलें तर ‘आधीं चालू नोंदणी दाखवा’ म्हणतात. न्यायशास्त्रांत याला अन्योन्याश्रय म्हणतात. तेथें तो दोष आहे, येथें तो रोजचा व्यवहार निघाला! खरें म्हणजे हा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं साठ दिवसांच्या आंत करतां येतो. ज्यांच्या गाड्यांना पंधरा वर्षें होत आलीं असतील त्यांनीं आजच नोंदणीचें पुस्तक उघडून पाहावें.

आम्हीं शाखाधिकाऱ्यांस पत्र लिहिलें. मराठींतच लिहिलें, आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि भांडण मातृभाषेंत नेटकें साधतें. पत्र एका पानाचें होतें. गाडी कोणत्या सालची, विमा केव्हां संपला, नोंदणी केव्हां संपली, दावे कोणते झाले, हें सर्व लिहिलें. १४ ऑगस्टचा प्रकारही लिहिला. तो विचारलेला नव्हता, पण लपविण्याजोगाही नव्हता. मग, ‘आम्हांस आमच्या गाडीसाठीं नव्हे तर तृतीय पक्षासाठीं विमा हवा आहे, नूतनीकरणाच्या तपासणीस गाडी नेण्यासाठीं तो अवश्य आहे, कलम १४६ आम्हांस तो घेण्यास आणि कलम ३२-डी आपणांस आपला वांटा उचलण्यास बांधतें, तरीही द्यावयाचा नसल्यास कारणासह लेखी कळवावें, म्हणजे तें उत्तर जोडून आम्हांस प्राधिकरणाकडे दाद मागतां येईल.’ प्राधिकरणाचें तक्रारीसाठीं ‘बीमा भरोसा’ नांवाचें संकेतस्थळ आहे, आणि १५५२५५ या क्रमांकावर फोनही करतां येतो. पत्राच्या दोन प्रति केल्या आणि एकीवर पोंच मागितली. खिडकीवरून नकार तोंडीं देतां येतो, पण पोंचेवर सही करतांना मनुष्य सावध होतो. शाळेच्या व्यवस्थापनाशीं वागतांना आम्ही हें शिकलों होतों.

मुलगी पत्र घेऊन आंत गेली. थोड्या वेळानें शाखाधिकारी स्वतः बाहेर आले. चाळिशीचे गृहस्थ, थकलेले. “तुम्हांला नाहीं कोणीं सांगितलें?” असें त्यांनीं विचारलें. आम्हीं त्या मुलीकडे पाहिलें नाहीं. तिनें तरी काय करावें. वरून जें सांगितलें जातें तेंच ती बोलते. त्यांनीं आम्हांस बसविलें, एका जुन्या नोंदीवरून गाडीचा तपशील घेतला, आणि पाऊण तासांत कागद हातीं आला. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यास गाडीची पाहणीही करीत नाहींत. हप्ता २,०९४, त्यावर कर, आणि गाडीच्या मालकचालकाच्या सक्तीच्या पंधरा लाखांच्या अपघात-विम्याचे निराळे. ज्या गोष्टीसाठीं तीन आठवडे झोंप नव्हती ती एवढ्याशा पैशांत झाली!

पुढचें नूतनीकरण सरळ झालें. पंचवीस नंबरचा अर्ज, धुराचें प्रमाणपत्र, जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, एका सकाळीं तपासणी, आणि नोंदणी आणखी पांच वर्षांसाठीं झाली.

आमच्या मतें गोष्ट येथें संपली होती. जुन्या पत्र्यासाठीं आणखी पैसे कशास भरावयाचे? फांदी पडली तर पडली. तेवढे पैसे टपालाच्या खात्यांत टाकूं, असें आम्हीं ठरविलें. आमच्या विद्यार्थ्यांना तें फोनवर सांगितलें, तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, काकू गाडींत शेजारीं बसतात ना? त्या या कागदांत नाहींत.”

हें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून जरा स्पष्ट लिहितों. निव्वळ कायद्यापुरत्या विम्यांत रस्त्यावरचा मनुष्य येतो. पण खाजगी गाडींत फुकट बसलेला प्रवासी, मग ती मालकाची पत्नी असो कीं शेजारी असो, त्यांत येत नाहीं असें न्यायालयांनीं ठरविलेलें आहे. गाडीसह घेतलेल्या एकत्रित विम्यांत मात्र तो येतो. आम्ही ज्या विम्याला पत्र्याचा विमा समजत होतों, त्याच्या आड सौभाग्यवती उभ्या होत्या.

तेव्हां पुन्हां फिरणें आलें. मात्र या खेपेस आम्ही मागणारे होतों, हक्क सांगणारे नव्हतों. हा पहिल्या प्रकारचा करार, येथें कंपनीची मर्जी. दोन ठिकाणीं नकारच मिळाला. ज्या चौथ्या कंपनीनें अर्ज घेतला, तिचा मनुष्य घरीं येऊन गाडीचीं छायाचित्रें घेऊन गेला आणि चासीवरचा क्रमांक ताडून पाहिला. पांच वर्षांवरील गाडीची किंमत तक्त्यानें ठरत नाहीं, ती दोघांच्या संमतीनें ठरते. आमची पंचावन्न हजार ठरली. दाव्यांच्या रकान्यांत आम्हीं दोन्ही दावे तारखांसह लिहिले. फाटकाचाही. नव्वद दिवस आतां उलटून गेले होते, पण जी सवलत मूळची नव्हतीच ती जाणार कशी? एकंदर हप्ता पहिल्याच्या सुमारें दुप्पट झाला, आणि दर नुकसानींतले पहिले एक हजार रुपये आम्हींच सोसावयाचे असें ठरलें. नवा कागद दाखविल्यावर पहिला विमा रद्द करून त्याचे उरल्या दिवसांचे पैसे परत आले. त्या पायरीवरच्या तरुणाचा मधून दोनदां फोन आला होता. दुसऱ्या वेळीं आम्हीं त्यास सांगितलें कीं झालें काम, सर्व खरें लिहून झालें. त्यावर तो नुसता “कमाल आहे” म्हणाला.

सौभाग्यवतींनीं तो कागद भिंगाखालीं धरून शेवटपर्यंत पाहिला, आणि पंचांगांत मुदतीच्या एक महिना आधींच्या तारखेवर कुंकवाची खूण केली.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. सकाळीं फुलवाली झेंडूची जुडी घेऊन दारांत आली. मनगट कसें आहे विचारतां तिनें हात गोल फिरवून दाखविला. “गुरुजी, आज माल लई झालाय, मंडईत रिक्षावाले दुप्पट मागत्यात. तुमची गाडी निघंल का?” आम्हीं किल्ली घेतली. मागच्या बाजूस तिच्या दोन पाट्या चढविल्या, तीही मागें बसली; आणि पुढें सौभाग्यवती येऊन बसल्या. “अहो, कागद घेतलात ना?” एवढें त्यांनीं विचारलें, आणि गल्लीच्या त्या वळणावर येईपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं.